एका बोटाचं स्टेअरिंग

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सडा टाकायला सत्यवतीबाई अंगणात आल्या आणि गाडीच्या पुढच्या चाकाजवळ त्यांचा हात थांबला. सारवलेल्या जमिनीवर हातभर लांब लाल डाग पडला होता. आधी वाटलं, पूजेचं कुंकू दवानं ओघळलं असेल. बोट लावलं तर बोट चिकट झालं. वास घेतला. कुंकवाला असा वास नसतो.

"अवो, आयकता का," त्यांनी ओसरीकडे तोंड करून हाक मारली. "गाडीतून काईतरी गयून राहिलं."

किसनराव चहाची बशी तोंडाशी नेत होते. "पानी असंन."

"लाल पानी?"

किसनरावांनी बशी खाली ठेवली.

ती गाडी त्या घरात येऊन सोळा वर्षं झाली होती, आणि ती का आली हे आधी सांगायला हवं. बार्शीटाकळीपासून थोडं आत त्यांचं गाव. चार एकर काळी जमीन, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या फुलं. झेंडू, शेवंती, निशिगंध. सत्यवतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा फुलं बैलगाडीनं अकोल्याला जात. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर झेंडू, वर पुन्हा ओलं गोणपाट, आणि पुढं धुऱ्यावर सासू पार्बताबाई पदर खोचून बसलेली. पुढं यष्टीच्या टपावर टोपल्या गेल्या. मग किसनरावांनी एक जुनी जीप घेतली. तिचं स्टेअरिंग म्हणजे जातं होतं नुसतं. गावातल्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही वळणावर दम लागायचा.

एका पोळ्याला बैलानं किसनरावांच्या उजव्या खांद्यावर धडक दिली. हाड सांधलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. जीप उभी राहिली. तेव्हा अकोल्याच्या गाड्यांच्या दुकानात जाऊन किसनराव म्हणाले, "जिचं स्टेअरिंग एका हातानं फिरन अशी दाखवा." विकणारा पोरगा हसून म्हणाला, "काका, ही एका बोटानं फिरते. पॉवर स्टेअरिंग. काकूही चालवतील." दुकानातले सगळे हसले. किसनरावही हसले.

सत्यवतीबाई हसल्या नाहीत. त्या चढून बसल्या, पोऱ्याला म्हणाल्या, "चालू कर," आणि एका बोटानं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

तूर निघालेल्या वावरात पंधरा दिवसांत त्या गाडी शिकल्या. बांधावरचं एक बोरीचं झाड तेवढं मेलं. पहिल्यांदा फुलं भरून अकोल्याच्या बाजारात शिरल्या तेव्हा हर्रासातली, लिलावाला जमलेली माणसं चहा टाकून बघायला आली होती. मागच्या सीटा काढलेली ती गाडी आणि डोक्यावरून पदर घेतलेली ती डायवर, दोघींची पुढं बाजाराला सवय झाली. त्यानंतर सत्यवतीबाईंनी कुठं जायचं असलं तर कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

तर आता त्या गाडीतून लाल तेल गळत होतं. स्टेअरिंग फिरवलं की पुढून कण्हल्यासारखा आवाज येत होता, आणि वळणावर चाक हाताला अडत होतं.

त्यांचा मुलगा शुभम नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीत सुपरवायझर होता आणि बायको आकांक्षासोबत अमरावतीत राहत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट न्यायला म्हणून त्यानं गाडी नेली होती आणि दोन दिवसांनी परत आणून दिली होती. सत्यवतीबाईंनी लगेच फोन लावला.

"काय केलं रे गाडीले? तुमच्या त्या बिल्डिंगखाली जागा नाही. तूच स्टेअरिंग पार शेवटालोक दाबून धरलं असंन."

"मी काई नाही केलं, आई."

"मंग काय गाडीनं स्वतःच केलं?"

रविवारी शुभम आला आणि आईला बाजूला बसवून गाडी अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथं काचेची खोली, गार हवा, बसायला सोफा. इस्त्रीच्या शर्टातला एक इंजिनिअर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला, मिनिटभर पाहिलं आणि उठला.

"रॅक गेलाय. चाकं वळवणारा सगळा खालचा भाग. पूर्ण ओला आहे. बदलावा लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीचा लवकर मिळणारही नाही. आजी, सोळा वर्षं म्हणजे गाडीनं खूप साथ दिली की."

"धुऊन पाह्यलं का?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"काय?"

"सारं चिखलानं अन् तेलानं भरलेलं हाये. धुतल्याबिगर कसं समजलं कोठून गयते ते?"

इंजिनिअरनं शुभमकडं पाहिलं. शुभमनं जमिनीकडं पाहिलं.

त्या दुपारी मुलाच्या घरी जेवणं झाल्यावर खरा विषय निघाला. शुभमनं तो बहुधा बरेच दिवस मनात घोळवला असावा, कारण एका दमात सगळं बोलून गेला. त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला गाडी घ्यायला तयार होता. फुलांची सोयही लावली होती. गावातला सहदेव आपल्या पिकपमधून स्वतःची फुलं नेतो, तो यांचीही नेईल.

"मी बोललो त्याच्याशी," शुभम म्हणाला.

"माह्या फुलायचं तू बोलला?"

"तू घरी बस ना आता आरामात. कायले पाहिजे रोजची दगदग?"

"मागच्या साली सरकारनं पाच वर्षं वाढवून देल्ली गाडीले. आरटीओचा साहेब खाली निजून पाहून गेला. सरकारपेक्षा तुले जास्त समजते का?"

"सरकार गाडीकडं पाह्यते, आई. मी तुह्याकडं पाह्यतो. चौसष्ट वर्षांची हायेस तू."

आकांक्षा पानदान घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"मंग असं सरळ सांग ना," सत्यवतीबाई म्हणाल्या, "का गाडीचं नाव करून मलेच भंगारात काहाडून राहिला."

"आई, तसं नाही—"

"तसंच हाये. तुह्या बाबाचा खांदा गेला त्या साली तू अकरावीत होता. तुहे कॉलेजचे डबे, तुहं हॉस्टेल, तुह्या लग्नाचं सामान, सारं याच गाडीनं वाहून नेलं. तवा मी म्हातारी होईन का, असं कोनी नाही इचारलं."

शेवटी आकांक्षाच मधे पडली. "अहो, दिवाळीपर्यंत तरी राहू द्या. लक्ष्मीपूजनाची फुलं जाऊ द्या."

शुभमनं मान हलवली. "वसुबारसेले मले सुटी हाये. तोवर गळती थांबली त ठेव. मी पुन्हा एक शब्द काहाडणार नाही. नाही थांबली त मी येऊन गाडी घेऊन जाईन."

"तू नोको येऊ. मीच आनतो अकोल्याले. नत्थुजीच्या गॅरेजवर येऊन उभा राह्य. काय न्यायचं ते तिथून न्या."

नत्थुजी म्हणजे त्या जुन्या जीपचा मिस्तरी. आता सत्तरी ओलांडलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नवी भिंगं बसवलेला. स्टुलावर बसूनच काम करायचा, पण करायचा स्वतःच. गावी परतल्यावर सत्यवतीबाईंनी त्याला फोन केला.

"पयले धुवा, वयनी," तो म्हणाला. "तेल जिथून टपकते, तिथून गयत नसते. वरून वाहत येते. धुवा, उन्हात वायू द्या, मंग वरून खालपर्यंत पांढरं काईतरी भुरभुरवा. गाडी चालू करा. पांढऱ्यावर लाल जिथं पयले फुटन, तिथं दुखनं."

"रांगोयी टाकू?"

"नोको नोको. तिच्यात रेती राह्यते. अंगाले लावाची पावडर टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीबाईंनी सोड्याच्या पाण्यानं गाडीचं पोट धुतलं. भाजीच्या वावरातला फवारणीचा पंप स्वच्छ करून त्यानंच पाणी मारलं. ऊन लागून सगळं कोरडं ठाक झालं. मग किसनरावांचा घामोळ्यांच्या पावडरचा डबा त्यांनी बॉनेट उघडून नळ्यांवर, स्टेअरिंगच्या तेलाच्या पंपावर, पार खाली रॅकपर्यंत रिकामा केला. खाली किसनरावांचं एक जुनं धोतर अंथरलं.

"माही पावडर," किसनराव म्हणाले.

"थंडी आली आता. घामोया येत नाही. बसा गाडीत."

"मी?"

"स्टेअरिंग कोन फिरवन? दोन्ही ठिकानी मीच राहू का?"

किसनराव कितीतरी वर्षांनी त्या सीटवर बसले. गाडी सुरू केली आणि डाव्या हातानं चाक हळूहळू इकडून तिकडं नेलं. गाडी कण्हली. सत्यवतीबाई चष्मा सावरून बॉनेटमध्ये वाकल्या होत्या. खालचा रॅक पांढराच. नळ्या पांढऱ्या. आणि मग पंपाच्या चाकामागं, जिथं पट्टा फिरतो तिथं, पांढऱ्यावर लाल पंखा उमटला. फिरणाऱ्या चाकानं तेल भिरकावलं होतं आणि तेच ओघळून सगळीकडं लागत होतं.

"बंद करा," त्या ओरडल्या. "सापडलं!"

नत्थुजीला फोनवर सगळं सांगितलं. तो खूश झाला. "मंग रॅक जित्ता हाये. पंपाचं सील गेलं असंन. घेऊन या. पर डबीत तेल किती राह्यलं?"

"बुडाशी हाये जरासं."

"मंग तो पट्टा काहाडून टाका. पुढून पयला. तो फक्त स्टेअरिंगचा हाये, दुसऱ्याले हात लावू नोका. कोरडा पंप फिरला त जयून जाईन, मंग मले काईच करता येनार नाही."

"पट्टा काहाडला त गाडी चालन?"

"चालन. पर स्टेअरिंगले पॉवर राहनार नाही. तुमच्या जुन्या जीपवानी होईन. तुमी नोका आनू, वयनी. शुभमले सांगा."

सत्यवतीबाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. शुभमला मात्र सांगितलं नाही.

वसुबारसेच्या सकाळी गाय-वासराची पूजा झाली. किसनरावांनी विळ्यानं पट्टा कापून काढला. एवढ्यात सहदेव आलाच. नव्या पिकपला नायलॉनचा दोर अडकवूनच आला होता.

"काकू, शुभमदादाचा फोन आल्ता. टोचन करून नेतो तुमची गाडी. तुमी बसा माह्याजवळ."

"तुह्यामागं दोर बांधून येऊ? भर बाजारातून?"

"काकू, तुमच्याच्यानं वळनार नाही ते. मी पाह्यलं तसं स्टेअरिंग. पैलवान लागते."

"मंग तू पुढं जाय अन् अकोल्यात एखादा पैलवान पाहून ठेव."

किसनराव फाटकाशी उभे होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. बोलले एवढंच: "हयूहयू जाय."

गल्लीतून बाहेर काढतानाच सत्यवतीबाईंना कळलं काय होणार आहे ते. उभ्या गाडीचं चाक हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तर मनगटातून कळ निघाली. सहदेव पिकपच्या आरशातून पाहत होता. त्यांनी क्षणभर हात सोडले आणि त्यांना पार्बताबाई आठवल्या.

सतराव्या वर्षी या घरात आल्या तेव्हा पहाटे जातं असायचं. पहिल्या दिवशी दोन पायली ज्वारी दळता दळता त्यांच्या हातांना फोड आले होते. पार्बताबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या होत्या, "हातानं नोको ओढू, पोरी. हात खुंट्याले नुसता धर. ओढाचं कंबरेनं. अन् जातं थांबू देऊ नोको. थांबलं जातं जड राह्यते, चालतं जातं हलकं."

त्यांनी गाडी जराशी पुढं सरकू दिली. चाक फिरतं असतानाच कंबरेतून कलल्या, खांदा टाकला. स्टेअरिंग वळलं. पुन्हा सरकू दिली, पुन्हा कलल्या. गाडी गल्लीतून सडकेवर आली. सहदेवच्या पिकपला त्यांनी दोनदा हॉर्न दिला आणि बाजूनं पुढं निघून गेल्या.

सरळ सडकेला काही वाटलं नाही. शेतांत कापूस फुटला होता, तुरीला फुलं होती, आणि गाडी नेहमीसारखीच चालत होती. खरं काम अकोल्यात शिरल्यावर पडलं. दिवाळीची गर्दी, आडवे ऑटो, मधेच उभे हातगाडे. एका चौकात पोलिसानं हात दाखवला आणि थांबावंच लागलं. थांबलं जातं. त्यानं पुढं जायची खूण केली तेव्हा गाडी सरकेपर्यंत मागं हॉर्नांचा गोंधळ उडाला. एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "आजी, चालवता येत नाही तर कायले आनता सडकेवर?"

सत्यवतीबाईंनी काच खाली केली. कपाळावरचा घाम गालावर आला होता. "ये बापा. तू बस इकडं. हे चाक एक डाव फिरवून दाखव, मी गाडी तुले देऊन टाकतो."

त्यानं चाकाकडं पाहिलं, त्यांच्या हाताकडं पाहिलं आणि निघून गेला.

गॅरेजच्या फाटकाशी शुभम उभा होता. आई दिसेल, पण सहदेवच्या पिकपमध्ये, अशा तयारीनं तो उभा होता. गाडी स्वतःहून येताना दिसली तेव्हा त्याचा हात खिशातल्या फोनवरच राहिला. अरुंद फाटकातून आत घ्यायला सत्यवतीबाईंना तीनदा मागंपुढं करावं लागलं. त्यानं पुढं होऊन दार उघडलं. आईचे दोन्ही तळवे लालबुंद झाले होते.

"पट्टा काहाडून आनली?" नत्थुजीनं बॉनेट उघडताच त्यानं विचारलं. "एवढ्या गर्दीतून?"

"मंग काय खांद्यावर आनू?"

नत्थुजीनं स्टूल ओढलं. शुभमला पाने द्यायला बसवलं आणि पंप सोडवून समोरच्या पत्र्यावर घेतला. पंपाचं चाक उपसलं. मग तो थांबला. भिंगाचा चष्मा वर-खाली केला.

"हे काय होय, वयनी?"

चाकामागं, दांड्याभोवती, तार गुंडाळावी तसा काहीतरी हिरवा गुंता घट्ट बसला होता. नत्थुजीनं चिमट्यानं टोक ओढलं. ते लांबतच गेलं. नायलॉनचा दोरा. त्याला तेलात भिजून काळ्या-नारिंगी झालेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"झेंडू," शुभम म्हणाला.

सत्यवतीबाईंनी आधीच ओळखलं होतं. दसऱ्याला सगळे लोक गाडीला हार घालतात तो बॉनेटवर. त्या एक हार आत, इंजिनालाही घालायच्या. पोळ्याला हार बैलाच्या गळ्यात पडतो, बैलगाडीच्या जुवाला नुसतं कुंकू लागतं. कष्ट ज्याचे, हार त्याला, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं तो हार त्यांनी केळीच्या सोपटात ओवला होता, पार्बताबाईंनी शिकवल्याप्रमाणं. सोपट वाळून तुटतं, भुगा होऊन गळून जातं. यंदा परसातली केळ वठली होती, घाई होती, आणि बाजाराच्या हारांसाठी आणलेलं नायलॉनचं रीळ हाताशी होतं. तो हार तुटला नव्हता. घसरून पंपाच्या चाकात गेला होता, आणि दोऱ्यानं सील कापलं होतं.

शुभम उठून उभा राहिला. हसू दाबायचा त्यानं प्रयत्न केला, पण जमलं नाही. "मी दाबून धरलं होतं ना, आई? बिल्डिंगखाली? शेवटालोक?"

नत्थुजीच्या हातातला दोरा सत्यवतीबाईंनी घेतला आणि बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. पंधरा दिवस त्यांनी पोराला फोनवर बोल लावले होते. शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातील असे.

मग त्यांनी मान वर केली. "नत्थुजी, एक सांगा. हा दोरा नसता त हे सील गेलं असतं का?"

"काहून जाईन? पंप पाहा कसा हाये. अंदर एक ओरखडा नाही. अन् खालचा रॅक त कोरडा ठन्न. तुमची पावडर अजून लागून हाये त्याले. वास येऊन राहिला गॅरेजभर."

"आयकलं, शुभम?" त्या म्हणाल्या. "हे काम माह्यं हाये. हार म्या घातला, दोरा म्या ओवला, अन् तुह्यावर नाव बी म्याच टाकलं. ते माह्यं चुकलं. पर गाडी म्हातारी झाली म्हून नाही गयली. मी चुकली म्हून गयली. अन् चूक त तुमचा तो काचेतला इंजिनिअर बी करते. तो कितीक वर्षांचा असंन? पंचवीस?"

नत्थुजी तोंड फिरवून हसला.

नवं सील बसलं, नवा पट्टा चढला, डबीत नवं लाल तेल पडलं. आत शिरलेली हवा बाहेर काढायला नत्थुजी म्हणाला, "आता बसा, वयनी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हयूहयू. डबीत बुडबुडे येनं थांबत नाही तोवर." सत्यवतीबाई बसल्या. चाक सुरुवातीला घरघरलं, डबीत फेस आला, मग फेस विरला आणि आवाज बंद झाला. त्यांनी दुखरे हात मांडीवर ठेवले आणि एका बोटानं चाक फिरवून पाहिलं.

शुभम जरा बाजूला जाऊन भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. "नाही भाऊ, गाडी देत नाही... नाही, पैशाचं काई नाही... आई देत नाही म्हणते."

"आई नोको सांगू त्याले," सत्यवतीबाई आतून ओरडल्या. "डायवर देत नाही म्हन!"

फोन ठेवून तो आला आणि सवयीनं उजव्या दाराशी उभा राहिला. त्या हलल्या नाहीत. मग तो वळसा घालून डाव्या बाजूनं चढला.

"आलाच हायेस त घरी चाल," त्या म्हणाल्या. "परवा लक्ष्मीपूजनाची फुलं तोडाची हायेत. एक मानूस कमीच हाये."

फाटकातून गाडी एका फटक्यात बाहेर आली. सडकेवर वळताना शुभमनं पाहिलं, आईचं एकच बोट चाकावर होतं आणि दुसऱ्या हातानं ती तो हिरवा दोरा पदराच्या टोकाला बांधत होती.

"आई, दोन्ही हात ठेव."

"काहून?" सत्यवतीबाई म्हणाल्या.